राखेत न मोजलेला भुगा

मित्रांनो, भट्टी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लोहाराची भट्टी येते, नाहीतर बेकरीतली. मी त्यांतली नव्हे. मी प्रयोगशाळेतली भट्टी आहे, विजेवर चालणारी, आणि आता बरीच जुनी झालेली. उंचीने तुमच्या बाकाएवढी, अंगाने चौकोनी आणि राखाडी. दार मात्र एखाद्या पुस्तकाएवढंच. त्या एवढ्याशा दारामागे हजार अंशांपर्यंतची धग मी मुकाट्याने सांभाळत असे. स्वभाव माझा तापट, हे आधीच सांगून ठेवते. कारण नसताना कोणी माझं दार उघडलं की मला मुळीच खपत नसे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी पत्र्याचं अंग बनलं. मग पोटात भाजलेल्या मातीची पेटी बसवली आणि तिच्याभोवती तारांचे वेढे घातले. आता धग बाहेर पडू द्यायची नाही, एवढंच उरलं. त्यासाठी कारागिरांनी पेटी आणि पत्रा यांच्या मधल्या पोकळीत एक पांढरी, मऊ, पिंजलेली वस्तू ठासून भरली. दाराच्या कडेने तिचीच बोटभर जाडीची दोरी लावली, म्हणजे दार घट्ट बसावं. ती दिसायला कापसासारखी, पण आगीत घातली तरी जळत नव्हती. कारागीर तिला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी म्हणत. ही वस्तू खाणीतल्या दगडातून निघते, असं मी तिथेच ऐकलं. दगडाचा कापूस आपल्या पोटात आहे, या कल्पनेने मी फुगून गेले. मला नाक असतं तर मी ते नक्की वर केलं असतं.

तिथून मी एका प्रयोगशाळेत आले. तिथे कोळसा तपासत. कोळसा जाळल्यावर मागे राख जितकी कमी उरेल तितका तो चांगला. ते ठरवण्यासाठी कोळशाची चिमूटभर पूड मुशीत घ्यायची. मूस म्हणजे चिनी मातीची लहानशी वाटी. ती काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलायची, माझ्या पोटात ठेवायची, सगळं जळून गेलं की बाहेर काढून पुन्हा तोलायची. तराजू इतका नाजूक की तुमच्या डोक्याचा एक केस पडला तरी त्याला कळायचं.

हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे राखवाले म्हणत. तेव्हा ते तरुण होते, काडीसारखे बारीक, आणि कामात अतिशय चोख. सकाळी आले की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय बाईसाहेब, आज मूड कसा आहे?" त्यांचा हात लागला की मी कधी कुरकुर केली नाही. दुसऱ्या कोणाचा लागला तर तापायला मुद्दाम उशीर लावायची.

आता एक अडचण ऐका. दार उघडून मिटून दोरी घासायची आणि तिचा पांढरा भुगा माझ्या उंबरठ्यावर साचायचा. मूस आत सरकवताना त्यातला कण न् कण मुशीत उडू शकत होता. दुसरा कुठलाही कचरा पडला असता तर जळून गेला असता. हा भुगा जळत नव्हता. तो राखेत मिसळून राखेचं वजन वाढवायचा आणि चांगला कोळसा वाईट ठरायचा. राखवाल्यांच्या हे लवकरच लक्षात आलं. मूस ठेवण्याआधी ते गुडघ्यावर बसायचे, माझ्या दाराशी तोंड न्यायचे आणि फूं करून भुगा उडवून लावायचे.

एकदा एका वीजकेंद्राच्या कोळशावरून मोठं भांडण झालं. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळेनात. शेवटी दोन्हीकडची माणसं आमच्या खोलीत जमली आणि सगळ्यांदेखत तपासणी झाली. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या माणसाने मूस तशीच आत सरकवली. राखवाल्यांनी आधी उंबरठा फुंकला. राख तोलली तेव्हा दोन मुशींत नेमका भांडणातल्या आकड्यांएवढाच फरक निघाला. आमचे साहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि जाहीर केलं, "आजपासून या खोलीचा नियम. आधी फुंकर, मग मूस." त्या दिवसापासून नव्या माणसाचा पहिला धडा हाच झाला. राखवाले त्याला माझ्यासमोर बसवायचे आणि गाल कसे फुगवायचे तेही दाखवायचे. मला तर हा माझा मानच वाटायचा.

पण मित्रांनो, त्या फुंकरेने भुगा जायचा कुठे? खिडकीतून उन्हाची तिरीप यायची तेव्हा तो मला दिसायचा. दारापुढच्या हवेत तो बराच वेळ तरंगत राही. त्याच हवेत राखवाले पुढची मूस तोलत, हिशोब मांडत, गप्पा मारत, डबा खात. दोरी कडक झाली की ते नवी कापत, तिची टोकं बोटांनी विंचरून धागे मोकळे करत आणि एकमेकांत गुंतवत. मुशी उचलायचे हातमोजेही त्याच दगडी कापसाचे. कोळशात भलता कण जाऊ नये म्हणून ती माणसं जिवाचं रान करत होती. श्वासात काय जातंय, याची चौकशी मात्र कोणीच केली नाही. असल्या भुग्याने छातीचे आजार होतात हे तेव्हा जगात काही लोकांना ठाऊक झालेलं होतं. आमच्या खोलीत ते कोणी सांगायला आलं नाही.

वर्षं गेली. राखवाल्यांचे केस माझ्यासारखे राखाडी झाले. त्यांना कोरडा खोकला लागला. कोळशात काम करणाऱ्याला खोकला असायचाच, असं म्हणून सगळ्यांनी तो सोडून दिला. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी माझं दार कोरड्या फडक्याने पुसलं आणि बराच वेळ पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

त्यांच्यामागे आकडे दाखवणारी नवी भट्टी आली आणि मला बोळात लोटण्यात आलं. पुढे माझी जी अवहेलना झाली ती सांगायलाही लाज वाटते. माझ्या डोक्यावर कोणी हेल्मेट ठेवायचं, कोणी छत्री वाळत घालायचं. हजार अंश सोसलेल्या या डोक्यावर शेवटी एका शहाण्याने फुलदाणी ठेवली, तीसुद्धा प्लास्टिकच्या फुलांची.

मग एके दिवशी एक बाई मला शोधत आल्या. त्या एका शाळेत विज्ञान शिकवत होत्या, आणि राखवाल्यांची एकुलती एक लेक होत्या. प्रयोगशाळा जुनं सामान मोडीत काढणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"ही भट्टी आमच्या शाळेला द्याल का?" त्यांनी नव्या साहेबांना विचारलं. "बाबांनी आयुष्य काढलंय हिच्यासोबत. हल्ली ते फार गप्प गप्प असतात. ही पाहिली तर त्यांना बरं वाटेल, आणि मुलांनाही काहीतरी शिकता येईल."

"खुशाल न्या. जुनी आहे पण एकदम भक्कम आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या बोळातली अडगळ गेली आणि वर पुण्य पदरात पडलं.

टेम्पोत गचके खात मी शाळेत पोहोचले. वाटेत माझ्या पाठीचा पत्रा एका बाजूने उचकटला आणि दाराची जुनी दोरी सुटून लोंबू लागली. तरी मी आनंदात होते. मुख्याध्यापकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलं, की शाळेला खरीखुरी भट्टी भेट मिळाली असून राखवाले आजोबा स्वतः येऊन ती चालवून दाखवणार आहेत.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, बाई आपल्या बाबांना माझी भेट घडवायला घेऊन आल्या. आधी त्यांचा श्वास ऐकू आला, मग ते दिसले. एकच जिना चढून आले होते, पण दारात उभं राहायला त्यांना चौकटीचा आधार लागला. किती वाळले होते ते! तरी माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"काय बाईसाहेब, ओळख आहे ना?" त्यांनी थाप मारली, पण त्या थापेत जोर नव्हता.

"बाबा, आधी बसा बघू. धाप लागलीय तुम्हाला."

"जिना उंच बांधलाय तुमच्या शाळेचा."

"पहिलीतली पोरं धावत चढतात तो." बाईंनी स्टूल पुढे केलं आणि आवाज खाली आणला. "बाबा, डॉक्टर पुन्हा तेच विचारत होते. अ‍ॅस्बेस्टॉसशी तुमचा कधी संबंध आला होता का?"

"किती वेळा सांगायचं? आमच्या प्रयोगशाळेवर स्लॅब होता. पत्रे नव्हतेच."

"आणि गोदामावर?"

"गोदामावर टिनाचे होते. आणि मी काय छपरावर चढून पत्रे चाटत बसायचो?"

बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "फोटोत फुफ्फुसाच्या कडेला जे डाग दिसतायत ना, ते नुसत्या कोळशाने होत नाहीत म्हणाले. कशाने झालं ते कळलं, तर तिथे अजून जी माणसं असतील त्यांना तरी सावध करता येईल."

"डॉक्टरला कोळशातलं काय कळतं? सोड ना तो विषय. उद्या पोरांना अशी राख करून दाखवतो की बघत राहतील."

बाईंनी विषय सोडला. कपाट लावायचं निमित्त करून त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि डोळे पुसून घेतले. या आजाराला उतार नाही हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं असावं, असं मला तेव्हा वाटलं.

मित्रांनो, डॉक्टरांचा तो शब्द ऐकून माझ्या तारा थंड पडल्या. तो शब्द मी जन्मापासून ओळखत होते. त्या दोघांना त्या नावाने फक्त घरावरचे पत्रे आठवत होते, आणि ती वस्तू दोघांच्या मधोमध माझ्या दाराला लोंबत होती! मला ओरडून सांगावंसं वाटलं. चांगलं पुस्तकाएवढं तोंड दिलंय मला, पण त्यातून एक शब्द फुटेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग माझ्याभोवती जमला. पुढची मुलं गुडघ्यावर, मागची बाकांवर. बाई फळ्यावर माझी आकृती काढत होत्या. राखवाले आजोबा स्टुलावर बसून बोलत होते, मधेमधे श्वासासाठी थांबत होते, पण त्यांचे डोळे पूर्वीसारखे चमकत होते. त्यांनी मूस दाखवली, कोळशाची पूड दाखवली, वीजकेंद्राच्या भांडणाची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. मुलं खूश झाली.

"तर आता पहिला धडा," ते म्हणाले. "आधी फुंकर, मग मूस. हा पांढरा भुगा दिसतोय ना उंबरठ्यावर? तो उडवायचा. कोण फुंकणार?"

"मी! मी! आजोबा, मी!"

"अरे, सगळ्यांनाच देतो. रांग लावा. भुगा कमी पडला तर दोरीचा अजून पाडू, भरपूर आहे."

क्षणात रांग लागली. ढकलाढकली झाली. सगळ्यात पुढे चष्मा लावणारी एक मुलगी होती. ती माझ्या दाराशी वाकली आणि तिने गाल फुगवले. तिचा श्वास मला लागत होता. मी बंद होते, गार होते, तरी आतून नुसती पेटले होते. कोणीतरी थांबवा हिला, कोणीतरी थांबवा!

तिने फुगवलेले गाल सोडले आणि मान वर केली. "पण आजोबा, बाकी सगळं जळतं म्हणालात. मग हा भुगा का जळत नाही?"

"अगं, अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे तो," आजोबा कौतुकाने म्हणाले. "तो जळायला लागला तर दाराची दोरी टिकेल कशी?"

फळ्यावरचा खडू थांबला. बाई वळल्या.

"बाबा, कशाचा म्हणालात?"

"दोरीचा गं. ही दाराची."

"ती दोरी कशाची आहे?"

"अ‍ॅस्बे..." त्यांचा हात दोरीवर होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत राहिला. "कोणी फुंकायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. दप्तरं राहू द्या, पळू नका, एकेक करून बाहेर चला."

"बाई, मी नाही फुंकलं," चष्मेवाली रडवेली होऊन म्हणाली.

"गुणाची गं माझी. काही चुकलं नाही तुझं. चल, बाहेर हो."

मुलं गेली. राखवाले स्टुलावरून उठले नाहीत.

"मला पत्राच आठवला गं," ते म्हणाले. "डॉक्टर विचारायचे आणि मला छपरावरचा पत्राच दिसायचा. दोरीचं डोक्यातच आलं नाही."

"माझ्याही नाही आलं, बाबा. शास्त्र शिकवते मी. चला, आधी बाहेर चला."

"किती जणांना शिकवलं मी हे फुंकायला. आता या लेकरांना..." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी मान वर केली आणि ते लेकीकडे असे बघू लागले, जणू तिला पहिल्यांदाच पाहत होते. "माझा कामावरचा कोट घरी यायचा."

"हो."

"तुझी आई तो अंगणात झटकायची."

"आणि मी खाली उभी राहायचे," बाई म्हणाल्या. "ते पांढरं उडायचं ना, मला रुईच्या म्हाताऱ्याच वाटायच्या त्या. मी धावत धावत झेलायचे."

मग राखवाल्यांनी लेकीचा हात धरला. स्वतःच्या आजाराबद्दल एक शब्द ऐकून न घेणारा तो माणूस गयावया करू लागला.

"तू छातीचा फोटो काढून घे. उद्याच. माझी शपथ आहे तुला."

"काढते बाबा."

"उद्याच."

"हो, उद्याच."

जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली नाही, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला राग आला नाही, मित्रांनो. मला फार वाईट वाटलं.

बाईंनी खोलीला कुलूप लावलं. बाहेर मुख्याध्यापकांचा आवाज चढला. एवढ्या खटपटीने आणलेली भट्टी, पालकांना काय सांगायचं, वगैरे. "निदान खोली झाडून तरी घेऊ," असं म्हणत त्यांनी झाडणाऱ्या मावशींना हाक मारली.

"झाडू लावायचा नाही, सर," बाई म्हणाल्या. "झाडला की तो भुगा पुन्हा उडतो. डोळ्यांना दिसतही नाही इतका बारीक असतो. मावशींच्याच छातीत जाईल आधी. याची माहिती असलेली माणसं येईपर्यंत हे दार उघडणार नाही. पालकांना मी सांगते काय झालं ते. खरं तेच सांगते."

बोळातल्या बाकावर राखवाले बसले होते. फोनवर ते एकेका जुन्या सोबत्याला गाठत होते. बंद दारातून मला त्यांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. "राखवाला बोलतोय. अरे, छाती तपासून घे. हसू नको, ऐक माझं..." मग दुसरा फोन. "वहिनी, त्यांना द्या जरा फोन." थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. "कधी?" त्यांनी विचारलं. "खोकलाच होता का?" त्यानंतर त्यांनी पुन्हा फोन लावलेला मला ऐकू आला नाही.

पुढच्या आठवड्यात माणसं आली. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, तोंडावर जाड मुखवटे. त्यांनी मला फोडलं नाही की ठोकलं नाही. पाण्याचा बारीक फवारा मारून भुगा आधी ओला केला, मग मला दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद केलं. शाळेच्या कपाटात बर्नरवर ठेवायच्या तारेच्या जाळ्या होत्या, मधोमध पांढरा गोल लावलेल्या. त्या किती जुन्या आहेत आणि तो गोल कशाचा आहे हे कोणाला सांगता येईना, म्हणून त्याही वेगळ्या पिशवीत बांधल्या. आम्हा सगळ्यांना आता जमिनीत खोल पुरणार आहेत, तेही असल्या सामानासाठी राखलेल्या जागी.

बाई दाराबाहेर उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्या फोटोचं काय झालं?"

"सध्या काही दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण हे दिसायला वर्षानुवर्षं लागतात म्हणे. दरवर्षी तपासून घ्यायला सांगितलंय. बाबा मला सारखे विचारतात, श्वास लागतो का गं तुला? रोज विचारतात, सर. आधी मला, मग स्वतःची गोळी घेतात."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागतात. आम्हाला टाकू नका, पुसा, जपा. मी ते मागणार नाही. मला जपू नका. माझ्यासारखी एखादी जुनी भट्टी, जाळी, दोरी किंवा हातमोजा तुमच्या शाळेत दिसला, तर ती वस्तू पुसू नका, झाडू नका, फुंकू नका, आतलं बघायला उघडू नका आणि चांगल्या मनानेसुद्धा कोणाला भेट देऊ नका. खोली बंद करा आणि मोठ्यांना सांगा, जाणकार माणसं बोलवा म्हणावं. आणि तुमच्या घरात कोणाला धाप लागत असेल, तर त्यांच्या छपरावर काय होतं एवढं विचारून थांबू नका. कामावर त्यांच्या हाताला काय लागायचं, कपड्यांवर काय बसायचं, घरी कोण ते कपडे झटकायचं, तेही विचारा.

बाईंचा पुढचा फोटो आणखी वर्षाने आहे. तोवर माझ्यावर माती पडलेली असेल आणि मला काही कळणार नाही. तो फोटो स्वच्छ निघू दे. त्याच्या पुढचाही निघू दे. दुसरं काही मागायला मला तोंड नाही.